सोडलेलं वांगं

दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. ताटात बटाट्याची भाजी होती, वरण होतं, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी होती. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, मीठ मागावं तसं विचारलं, "पद्मजा, तू आजकाल वांगं काऊन नाही करून राह्यली?" तेवढ्यात मालगाडी आली. नांदुऱ्यात आमचं घर रुळांपासून इतकं जवळ आहे की गाडी आली की घरातलं बोलणं थांबतं. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याचा राग यायचा, वाक्य अर्धं तोंडात घेऊन बसायचं म्हणजे काय. पुढे कळलं की संसारात ही फार सोयीची गोष्ट आहे. कितीतरी उत्तरं मी गाडीच्या आडोशाने गिळली आहेत. त्या दिवशीही मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले आणि मी हातातला घास हातात धरून बसले. गाडी संपली. हे वाट पाहत होते. मी म्हटलं, "करीन की. बाजारात चांगली आली की करीन." ते समाधानाने जेवायला लागले. मी मात्र भाकरी नुसतीच कुस्करत राहिले, कारण आमच्या घरात वांगं येत नाही हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. ज्यांनी ते बंद केलं त्यांनाच तेवढं माहीत नव्हतं.

हे वांगं गयेला सोडलेलं होतं. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे, त्यांचे चुलतभाऊ माणिकराव आणि मी असे गयेला गेलो होतो. पिंडदान झाल्यावर तिथे अक्षयवटाखाली बसवतात आणि पंडे विचारतात, काय सोडणार? एक फळ, एक भाजी, जन्मभरासाठी. जे सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतं, म्हणजे पितर तृप्त होतात. आता माणसाची जात हुशार. माणिकरावांनी भाजीत कारलं सोडलं आणि फळात फणस. कारलं त्यांनी मुंजीनंतर तोंडाला लावलं नव्हतं आणि फणस नांदुऱ्यात मिळतो कुठे? वर मला डोळा घालून म्हणाले, "वहिनी, देव का घरी येऊन ताट पाह्यते?" हे मात्र बोटात दर्भाचं पवित्रक घालून मुकाट बसले होते. पंड्याने दोनदा विचारलं. ह्यांनी फळ सांगितलं सीताफळ, ते लगेच सांगितलं. भाजीपाशी मात्र अडकले. मला कळलं होतं काय येणार ते. मी मनात म्हणत होते, भेंडी म्हणा, गवार म्हणा, काहीही म्हणा. ते म्हणाले, "वांगं." पंडा म्हणाला, "बैंगन. जीवनभर?" आणि हे म्हणाले, "जीवनभर."

परतीच्या गाडीत मी तोंड फिरवून बसले होते. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, जगात इतक्या भाज्या आहेत. ते म्हणाले, "प्रिय असेल तेच सोडायचं असतं. नाहीतर सोडलं काय?" मला राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला होता. माझ्या हातची वांग्याची भाजी ही आमच्या संसारातली एक बोलून दाखवायची गोष्ट होती. हे चारचौघांत कधी बायकोचं कौतुक करणारे नव्हेत, पण शाळेतल्या शिक्षकांना डब्यातलं वांगं वाटून 'घरचं आहे' म्हणायचे, एवढं मला कानावर आलं होतं. तेव्हा सगळ्यात प्रिय म्हणून त्यांनी माझं वांगं सोडलं, असं मी मलकापूरपर्यंत मनाशी घोळवत आले. मलकापूर गेलं आणि दुसरा विचार आला. पिंड आईचे होते. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर आईच असणार. सोडलं ते आईच्या हातचं वांगं असलं तर? नांदुरा येईपर्यंत तो विचार माझ्या पोटात बसला आणि मग उठलाच नाही. विचारायची सोय नव्हती. मेलेल्या सासूशी बरोबरी करायला निघालेली सून कोणाला आवडते? मलाही आवडली नसती.

एकाने सोडलं की ते घराने सोडलेलं असतं. एका माणसासाठी कोण दोन भाज्या करणार, आणि दुसऱ्याच्या नाकासमोर फोडणी घालून आपण एकटंच कसं खाणार? हिवाळ्यात इकडे शेतांत, देवळांपाशी रोडग्यांच्या पंगती होतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी. बोलावणं आलं की यजमान आधीच सांगत, "सरांसाठी बटाटा वेगळा काढलाय." मग ह्यांच्या शेजारी बसून मीही बटाटाच घ्यायची. पलीकडच्या पानांवर तेलाचा लाल तवंग पसरलेला दिसायचा, देठासकट शिजलेली वांगी दिसायची, आणि मी रोडगा कुस्करत गप्पा मारायची. माहेरी जानेफळला गेले की बहीण मुद्दाम वांगं करायची. "तू तं सोडलं नाही ना? खाय मग." मी खायची. पण चव लागायची नाही. समोर कोणी दुसऱ्यांदा वाढून घेणारं नसलं की वांगं नुसतंच वांगं राहतं.

ह्यांचं विसरणं आधी किल्ल्यांपासून सुरू झालं, मग माणसांच्या नावांवर आलं. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. वर्गात पोरगं 'मले' म्हणालं की फळ्यापाशी उभं करून 'मला' म्हणायला लावायचे. घरी आमच्या लेकीने, रेवतीनेही कधी मले-तुले केलं तर भुवई वर जायची. आणि एक दिवस चहा घेताना स्वतःच म्हणाले, "मले अजून थोडा दे." मी चमकून पाहिलं. त्यांना काही वाटलं नव्हतं. लहानपणी जे त्यांनी कष्टाने टाकून दिलं होतं, ते आता न बोलावता परत येऊन घरात बसलं होतं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, शेवटी आलेलं आधी जातं, आधी आलेलं शेवटी जातं. म्हणजे निवृत्ती गेली, रेवतीचं लग्न गेलं, गया गेली. राहिलं काय, तर भूमध्य हवामान. रेवती इटलीत असते, तिकडच्या विद्यापीठात झाडांच्या रोगांवर काम करते. ती फोनवर दिसली की हे तिचं नाव शोधत राहतात, पण ती कुठून बोलते म्हटलं की धडाधड सांगतात, "सिसिली बेट. उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं." आणि ती तिकडे डोळे पुसत हसते.

मी सरळ सांगून टाकलं असतं की अहो, तुम्ही वांगं गयेला सोडलंय. पण गयेला का गेलो होतो हे मग सांगावं लागलं असतं, आणि ती चूक मी एकदा केली होती. गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे दारात येऊन म्हणाले, "आई कुठं गेली? दिसून नाही राह्यली." माझं लक्ष कपड्यांत. मी म्हटलं, "असं काय करता, आई जाऊन किती वर्षं झाली." हातातली घडी झाली आणि वर पाहिलं तर हे खाटेच्या कडेला बसले होते. चेहरा असा की बातमी आत्ताच आली आहे. आणि खरंच ती आत्ताच आली होती. "मले काऊन नाही सांगितलं कोणी?" म्हणाले. मग उठले, न्हाणीत गेले, गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली सुतकाची, आणि ओल्या पंच्याने ओसरीवर बसून रडले. मी टॉवेल घेऊन उभी होते. आईच्या खऱ्या मरणाच्या वेळी ते रडले नव्हते, लोकांची ये-जा होती, करायचं होतं बरंच. ते सगळं रडू जपून ठेवल्यासारखं त्या दिवशी आलं, आणि ते मी आणलं होतं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "आई कुठं गेली?" मी म्हटलं, "खामगावला गेल्यात, मामांकडे. येतील." तेव्हापासून सासूबाई खामगावला आहेत. जिवंतपणी त्या दोन दिवससुद्धा कुठे राहिल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघराची त्यांना तेवढी काळजी होती.

तर असं होतं. खरं सांगावं तर त्यांची आई पुन्हा मरणार आणि गप्प राहून वांगं करावं तर त्यांचा शब्द माझ्या हाताने मोडणार. आणि हे रोज विचारत होते. बाकी सगळं विसरणारा माणूस वांगं विसरायला तयार नव्हता. मी दोडका केला, त्यांनी ताटात बोट फिरवून पाहिलं. मी गवार केली, त्यांनी अर्धीच खाल्ली. रुसत नव्हते, ओरडत नव्हते. नुसतं विचारायचे, "वांगं नाही का आज?" जसं काही चूक त्यांची होती आणि शिक्षा म्हणून मी वांगं देत नव्हते. व्रत घेणाराच व्रत विसरला तर मोडल्याचं पाप कुणाला, हे मला माणिकरावांना विचारता आलं असतं, पण ते हसले असते. भटजींना विचारलं असतं तर त्यांनी एखादी शांत करायला सांगितली असती. मला दोन्ही नको होतं. मला उत्तर माहीतही होतं. ज्याला आठवतं त्याला पाप लागतं. मी निवृत्त होईपर्यंत इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांचे निरोप जोडून द्यायचे आणि आपण ऐकलं नाही असं धरून चालायचं, ह्यात माझी हयात गेली. पण हा निरोप माझ्या घरचा होता आणि घेणारी मी एकटीच होते.

रेवतीने फोनवर ह्यांचं 'वांगं नाही का' ऐकलं. ती म्हणाली, "आई, कर ना मग." मी गया म्हटलं. ती म्हणाली, "इकडे एक प्रकार असतो, कापोनाता. वांग्याचाच, पण आंबटगोड. आमच्या घरमालकीणबाई दर रविवारी करतात. तू ते कर. नावही वांग्याचं नाही. बाबांनी कापोनाता कुठे सोडलाय?" मी म्हटलं, "उपासाला भात चालत नाही आणि भगर चालते, तशातली गत." ती म्हणाली, "मग भगर खातेस ना?" पोरगी माझीच आहे. आपण सगळे पळवाटा काढण्यात पटाईत असतो, पण पळवाटेने गेलेल्याला तरी ठाऊक असतं की हा रस्ता नव्हे. तरीही मी बाजाराची पिशवी घेतली. आंबटगोड हा शब्द मला आत कुठेतरी लागला होता.

बाजारात झुंबरबाई बसते, पिंपळगाव राजाची. मळ्यातलं घरचं माळवं आणते. मी तिच्यापुढे उकिडवी बसून वांग्यांना हात लावला तर ती मेथीच्या जुड्या सोडून माझ्याकडे पाहायला लागली. "बाई, वांगे? सरायनं तं सोडले ना वांगे?" म्हटलं, "पाहुणे येऊन राह्यले." "कुठचे?" माझ्या तोंडून गेलं, "इटलीचे." "तिकडं वांगे नाही होत का?" "होतात." "मंग?" म्हणाली आणि स्वतःच हसली. जांभळी, जड, देठाला काटे असलेली वांगी तिने एकेक दाबून निवडली. एक माझ्या तळहातावर ठेवलं. वांग्याचा तो थंडपणा मी विसरले होते. सकाळच्या गारठ्यात आतपर्यंत गार झालेलं, गुळगुळीत, बोटाने दाबलं तर जरा दबतं आणि पुन्हा वर येतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाजारात, वांग्यासाठी. झुंबरबाईने पिशवीत एक वांगं वरून टाकलं. रेवतीने खारवलेल्या कळ्या सांगितल्या होत्या, केपर म्हणून, त्या नांदुऱ्यात कुठून मिळणार? पण दाणाबाजारातल्या मारवाड्याच्या किराण्यात सुकं केर मिळतं, त्यांच्याकडचं लोणच्याचं रानफळ, वाटाण्याएवढं, कडवट. रेवती फोटो पाहून म्हणाली, आई, हे त्याचंच भावंड आहे. ते मी रात्रभर ताकात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात रेवती, तिच्या मागे तिची खिडकी, नुकतं उजाडलेलं. मी विळीवर वांग्याच्या फोडी केल्या आणि हात आपोआप पाण्याच्या पातेल्याकडे गेला. "पाण्यात नको," ती ओरडली, "मीठ लावून ठेव." ठेवलं. फोडींना पाणी सुटलं ते पिळून काढलं. तेल करडीचं घेतलं, तापवलं. "मोहरी?" मी विचारलं. "नाही." "हिंग?" "आई." "हळद तरी?" "आई, काही नाही." "मग ह्याला भाजी कशाला म्हणायचं?" "नाहीच म्हणत," ती म्हणाली. फोडी तेलात सोडल्या. आवाज झाला आणि वास उठला. कच्चट, मग गोडसर, मग भाजल्यासारखा. गयेनंतर ह्या घरात तो वास पहिल्यांदा उठला होता. भिंतींना, कपाटाला, माळ्यावरच्या पितळी डब्यांना सगळ्यांना तो कळला असेल असं मला वाटलं. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "आई आली का खामगावहून?" मी झाऱ्याने फोडी उलटवत म्हटलं, "यायच्यात अजून."

कांदा परतला, टोमॅटो घातले, ओव्याची पानं आणि कोथिंबिरीची देठं घातली, कारण तिकडची ती दांड्यांची भाजी, सेलरी, इकडे नाही. ताकातलं केर धुऊन टाकलं. ऑलिव्हची बाटली रेवतीने मागच्या खेपेला आणून ठेवली होती, कोणी उघडली नव्हती, तिचं नशीब उघडलं. शेवटी वांग्याच्या फोडी आत गेल्या आणि मग ती म्हणाली, "आता सिरका आणि साखर. एकदम." मी घातली. आंबट वाफ डोळ्यांत गेली, मागून साखर विरघळल्याचा वास आला, आणि माझ्या मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. खरंच सांगते, मी मान वळवली. हा वास चिंच-गुळाचा नव्हता, पण चिंच-गूळ एकत्र आल्यावर जे होतं तेच इथे झालं होतं. दोन भांडणारी माणसं एका खोलीत गप्प बसल्यावर होतं ते.

अन्नपूर्णाबाई, माझ्या सासूबाई, वांग्यात चिंच-गूळ घालायच्या. मी जानेफळची, आमच्याकडे वांगं म्हणजे तिखट, तेल वर आलेलं, नाकातून पाणी काढणारं. लग्नानंतर चातुर्मास संपला, चंपाषष्ठी झाली, घरात पुन्हा वांगं आलं आणि मला पहिल्यांदा करायला सांगितलं. मी माहेरच्या पद्धतीने केलं. वाढायच्या आधी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि परत येते तर दाराच्या फटीतून दिसलं, सासूबाई माझ्या कढईवर वाकून गुळाचा खडा आत सोडत होत्या. हलवला, झाकण ठेवलं, पदराला बोटं पुसली. मी पाय वाजवत आत आले. हे जेवताना म्हणाले, छान झालंय. सासूबाई म्हणाल्या, "हो, पद्मजानं केलंय." ह्यावर त्या माझ्याकडे पाहून हसल्याही. दर वेळी तसंच होत गेलं. मी बाहेर जायची, त्या गूळ टाकायच्या, कौतुक माझं व्हायचं. मला इतका राग यायचा की एक दिवस मी स्वतःच आधी गूळ टाकला, त्यांच्यापेक्षा जरा कमी आणि तिखट तेवढंच ठेवून. त्या आल्या, झाकण काढलं, वास घेतला आणि हातातला खडा परत डब्यात टाकला. त्या दिवसापासून ती भाजी माझी झाली. का त्यांची झाली, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्या स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायच्या आणि गरम वांगं कधी घ्यायच्या नाहीत. "निवू दे," म्हणायच्या. "निवल्याशिवाय वांगं बोलत नाही." हे लहानपणी त्यांच्याच ताटात बसून गार वांगं खायचे, मोठेपणीही कधीकधी उष्ट्या हाताने त्यांच्या ताटातली एक फोड उचलायचे. मी वाढत असायची. मला ते दिसायचं.

"चाखून पाहा ना," रेवती म्हणाली. मी म्हटलं, "नको, आधी बाबांना." "मग लगेच देऊ नको हां. कापोनाता गरम खात नाहीत. संध्याकाळपर्यंत निवू दे. उद्यापर्यंत राहिलं तर आणखी चांगलं लागतं." मी फोन बंद केला आणि पातेलं ओट्याच्या कडेला सरकवून ताट झाकलं. तिला काय माहीत की तिची घरमालकीण आणि तिची आजी एकच वाक्य बोलतात.

ती दुपार मला जड गेली. हे दोनदा आत येऊन पाहून गेले. मी म्हटलं, निवतंय. ते म्हणाले, "हो, निवू दे," आणि शहाण्या मुलासारखे खुर्चीत जाऊन बसले. मी ओट्यापाशी स्टुलावर बसून पातेल्याकडे पाहत होते. मनात आलं, उचलावं आणि दारातल्या गाईला घालावं, झालं गेलं मिटलं. मग मनात आलं, पहिल्या घासाला ह्यांना आठवलं तर? अक्षयवट, बोटातलं पवित्रक, स्वतःचा शब्द, आई गेल्याचं, सगळं एकदम? ते माझ्याकडे पाहतील आणि म्हणतील, तू विसरलीस? तुला माहीत असून वाढलंस? ह्या विचाराची मला भीती वाटली. आणि ती वाटत असतानाच मला कळलं की ही भीती नाही, मी ह्याचीच वाट पाहत होते. त्यांनी ताट सरकवावं. रागवावं. बायको म्हणून मला खडसावावं, मी सोडलंय ते तू कसं केलंस म्हणून. म्हणजे गाडीतला तो माणूस, प्रिय असेल तेच सोडायचं असतं म्हणणारा, अजून आत कुठेतरी आहे हे मला कळलं असतं. त्याला बोलावण्यासाठी मी हे पातेलं मांडलं होतं. वांग्याचं नुसतं निमित्त होतं. मी खूप एकटी झाले होते, आणि हे मी त्या स्टुलावर बसेपर्यंत मलाही सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला मी दोन ताटं वाढली. भाकरी, आणि वाटीत ते, थंड, चकचकीत, गडद. ह्यांनी घास घेतला. चावत राहिले. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. हात पुन्हा वाटीकडे गेला. पुन्हा गेला. "काय हे?" विचारलं. मी म्हटलं, "कापोनाता. रेवतीच्या गावची भाजी." त्यांनी एक फोड बोटांत धरून दिव्याकडे केली आणि म्हणाले, "वांगं आहे." मी म्हटलं, "हो. वांगं आहे." पळवाट तिथेच संपली. मी थांबले. आता येईल ते येऊ दे म्हणून हात मांडीवर ठेवून बसले. आणि गाडी आली. ही प्रवासी गाडी होती, उजेडाच्या खिडक्यांची, आमच्या भिंतीवरून तिचे चौकोन सरकत गेले. दोघंही बोलायचे थांबलो. तेवढ्या वेळात त्यांनी वाटी संपवली आणि गाडीच्या आवाजातच ती माझ्यापुढे केली. मी पुन्हा वाढलं.

गाडी गेल्यावर म्हणाले, "आईले ठेवलं का?"

"ठेवलंय."

"तिले निवलेलं आवडते."

"माहीत आहे मला."

ते थोडा वेळ जेवले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, तिथे कोणी नाही अशी खात्री केली, माझ्याकडे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तिले नको सांगजो, मी दोनदा घेतलं म्हणून."

"काऊन?" मी विचारलं. माझ्याही तोंडून काऊनच आलं.

"तिले वाईट वाटन. तिच्यापेक्षा तुह्या हातचं मले जास्त आवडते. पहिल्यापासून."

आणि पुन्हा वाटीत बोटं घालून फोडी वेचायला लागले. त्यांच्या लेखी काहीच झालं नव्हतं. सासूबाई खामगावला मामांकडे होत्या आणि उद्या-परवाच्या गाडीने यायच्या होत्या. आम्ही गयेला अजून गेलोच नव्हतो, कोणी काही सोडलेलं नव्हतं, आणि जे सोडलेलंच नाही ते मोडणार कसं? मी ज्याला बोलवायला पातेलं मांडलं होतं तो माणूस आला नाही. त्याच्याही आधीचा आला, लग्नाच्या पहिल्या वर्षातला, आईला न दुखवता बायकोचं कौतुक कसं करावं ह्या विवंचनेत असलेला. त्याने तेव्हा हे मला सांगितलं असतं तर मी मलकापूरपासून नांदुऱ्यापर्यंत इतकी वर्षं प्रवास केला नसता. मी रडले. ह्यांनी विचारलं, तिखट झालं का? मी म्हटलं, हो, जरा झालं. त्यात तिखट नव्हतंच.

सासूबाईंच्या वाटणीचं मी त्यांच्या काठाच्या पितळी वाटीत काढलं, वर ताटली झाकली आणि फडताळात ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी, हे झोपल्यावर, शिळ्या भाकरीशी मी खाल्लं. रेवती म्हणाली होती तसंच होतं, रात्रभरात सगळं एकमेकांत मुरलं होतं. वांगं तोंडात विरघळलं, आंबट पुढे आलं, गोड मागून आलं. साखर किंचित कमी पडली होती. सासूबाई म्हणाल्या असत्या तर ते बरोबरच म्हणाल्या असत्या. मी उठले, डबा काढला आणि गुळाचा एक खडा वाटीत टाकला.